भिंतीकडे तोंड करून लावलेली व्हॅन

मुलांनो, आजोबांना आता विसरायला होतं, म्हणून त्यांनी व्हॅन चालवणं सोडलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमच्या बाबांनाही तसंच सांगितलं. ते चुकीचं होतं, आणि चूक माझी, तुमच्या आजीची होती. फोनवर हे बोलायला लागले की मी हवापाण्याचं काहीतरी बोलून विषय बदलते, म्हणून लिहिते आहे.

व्हॅन तुम्ही पाहिली आहे. पांढरी, डिझेलची, आजोबांनी निवृत्तीनंतर घेतली तेव्हाच जुनी होती. आठवड्यातून तीन सकाळी ते तळमजल्यावरच्या काकूंना डायलिसिससाठी परळच्या हॉस्पिटलात नेत. सातची वेळ असे. काकूंना टॅक्सीत वाकून बसता येत नाही, म्हणून व्हॅनच्या सरकत्या दारापाशी आजोबांनी सुताराकडून एक लाकडी पायरी करून घेतली होती. काकू त्या पायरीवर पाय ठेवताना दरवेळी म्हणत, "चला, निघालं आमचं विमान." मला वाटतं, त्या तीन सकाळींसाठीच आजोबा बाकीचे चार दिवस दाढी वेळेवर करत.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर व्हॅन सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. स्टार्टर घुरघुरत राही, इंजिन काही पेट घेईना. पाच मिनिटं, कधी दहा. मग एकदम पांढरा धूर सोडून सुरू होई. दुपारी परळहून निघताना मात्र काही तक्रार नसे. दोनदा काकूंना पोचायला उशीर झाला आणि त्यांची मशीन दुसऱ्या कुणाला मिळाली. तेव्हा मी ठरवलं, याचा छडा लावायचा.

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत डाव्या बाजूला निरीक्षण, उजव्या बाजूला अनुमान, आणि दोन्हींची सरमिसळ केली की मी पान फाडायला लावत असे. तशीच वही मी व्हॅनसाठी घातली. वेळ, किती वेळा चावी फिरवली, धूर कसा. वाचून माहिती काढली की डिझेलच्या जुन्या गाडीत चावी अर्धी फिरवली की एक पिवळा दिवा लागतो. आतले हीटर तापले की तो विझतो, आणि मगच चावी पुरती फिरवायची. सकाळी इंजिन गार असतं, दुपारी नसतं. सगळं जुळलं. आजोबा त्र्याहत्तर वर्षांचे, चष्मा कुठे ठेवला ते शोधणारे. दिव्याची वाट पाहायचं विसरत असणार.

त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "कुठेतरी हवा घेते आहे ती. रात्रीत डिझेल मागं उतरतंय. एक रात्र उलटी लावून बघू, तोंड फाटकाकडे."

आपल्या वाडीचं अंगण इमारतीपासून फाटकापर्यंत उतरतं, पाणी वाहून जावं म्हणून. आणि गाड्यांनी तोंड इमारतीच्या भिंतीकडेच करायचं, हा नियम सेक्रेटरी या नात्याने मीच केला होता, तळमजल्यावरच्या खोल्यांत धूर जाऊ नये म्हणून. चुन्याने रेघाही मारून घेतल्या होत्या.

"नियम मी करायचा आणि मोडायचा तुम्ही?" मी म्हटलं. "उद्या सगळे आपापल्या गाड्या हव्या तशा लावतील."

"अगं, एका रात्रीचा प्रश्न आहे."

"आणि तुम्ही गोदीत स्टोअर्समध्ये होतात, इंजिनांत नव्हे."

ते हसले. "इंजिनांचे सगळे पार्ट माझ्या टेबलावरून जायचे, बाईसाहेब."

"पार्ट जायचे. विद्या नाही."

हे मी काकूंच्या देखत बोलले. त्यानंतर उलटी लावण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

मग मी गॅलरीत उभी राहून मोजायला लागले. त्यांनी चावी अर्धी फिरवली की वरून, "एक, दोन, तीन..." वीसपर्यंत. सकाळी सहाला सगळी वाडी ऐके. समोरच्या बिऱ्हाडातले दात घासता घासता म्हणत, "काका, मॅडमनी वीस सांगितलंय हं! अठराला फिरवलीत तर अंगठे धरावे लागतील!" सगळे हसत, आजोबाही हसत. पण बहुतेकदा वीस मोजूनही गाडी लगेच सुरू होत नसे. मग मी वहीत लिहीत असे, "दिव्याची वाट पाहिली नाही." दुसऱ्या मजल्यावरून मला तो दिवा दिसत नव्हता, मुलांनो. तरी मी ते डाव्या बाजूला लिहिलं.

पुढे तुमच्या बाबांना मी वहीची पानं फोटो काढून पाठवली. त्यांनी काळजीने आजोबांना फोन केला, की आता गाडी नका चालवू, परळपर्यंतचा रस्ता आहे, सोबत आजारी बाई असते. मी शेजारीच बसले होते. आजोबा "बरं" म्हणाले, उठले आणि चावी माझ्या हातात दिली. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं.

काकूंना त्यांचा पुतण्या कसंबसं टॅक्सीत बसवून नेऊ लागला. व्हॅन तीन महिने जागची हलली नाही, म्हणून विकायचं ठरवलं आणि घोडपदेवच्या एका मेकॅनिकला बघायला बोलावलं. आजोबा तेव्हा भाजी आणायला गेले होते. मेकॅनिकने सोबत आणलेली बॅटरी जोडली, चावी फिरवली, नुसती घुरघुर. मग तो खाली उतरला आणि मागे जाऊन अंगणाकडे बघत उभा राहिला.

"बाई, ही रोज अशीच लावता? तोंड वर?"

"हो. नियम आहे."

"मग कशी सुरू होणार! टाकी मागं, उताराला. नळीत कुठंतरी हवा शिरते, रात्रभरात डिझेल सगळं खाली. सकाळी स्टार्टरने आधी नळी भरायची, मग इंजिन चालवायचं. स्टार्टर म्हातारा होईल अशानं."

त्याने फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबदाबून कडक केला आणि चावी फिरवली. व्हॅन एका झटक्यात सुरू झाली. मी विचारलं, "आणि दिवा? हीटरचा? वाट न पाहता फिरवली तर?"

"मुंबईत? थंडी कुठाय आपल्याकडे? दोन झटके जास्त घेईल. पाच-पाच मिनिटं रडत नाही बसणार." मग त्याने बोटभर लांबीची एक रबरी नळी काढून दाखवली. तिला केसासारखी चीर होती.

तो गेल्यावर मी वही काढली. माघी गणपतीत अंगणात मांडव होता, तेव्हा आठवडाभर व्हॅन बाहेर गल्लीत, सपाट जागी उभी होती. त्या आठवड्यातल्या तिन्ही सकाळी वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, "लगेच सुरू." आणि पुढे, "मी वीस मोजले."

आजोबा भाजी घेऊन आले, तेव्हा मी त्यांना नळी दाखवली. त्यांनी तिची चीर नखाने फाकवून पाहिली.

"हं. हीच."

"तुम्हाला माहीत होतं. मग जोर का धरला नाहीत?"

ते मेथी निवडायला बसले. निवडता निवडता म्हणाले, "पहिले काही दिवस माहीत होतं. मग तू मोजायला लागलीस. दिवा विझलेला दिसायचा, तरी मी मनात विचारायचो, नक्की विझला का? की आपल्याला वाटतंय? तू लिहून ठेवत होतीस. म्हटलं, असेलही."

नळी बदलली. व्हॅन विकली नाही. सोसायटीच्या बैठकीत मी स्वतः सांगून नियम बदलला आणि घरी येऊन चावी आजोबांसमोर ठेवली. काकूंनी खालून हाक मारली, "अहो, विमान दुरुस्त झालं म्हणे!" आजोबांनी चावी माझ्याकडे सरकवली. "काकूंना घेऊन निघालो आणि हिंदमाताच्या सिग्नलला माझी मलाच शंका आली तर?" मी पुष्कळ समजावलं. समजावण्यात मी हुशार आहे, पण ही गोष्ट मी इतक्या पद्धतशीरपणे त्यांच्या गळी उतरवली होती की ती परत काढता आली नाही. व्हॅन आता वाडीतलाच एक टॅक्सीवाला काकूंसाठी चालवतो.

तुमच्याकडे एक मागणं आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांना गमतीने तारीख विचारता, सात आठे किती विचारता. तुमचा दोष नाही, ते विसरतात असं मीच तुमच्या डोक्यात घातलं. पण आता नका विचारू. गेल्या खेपेस धाकटीने विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" तेव्हा त्यांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. रविवार होता, आणि तो त्यांना माहीत होता.