सोंड झिजलेला गणपती

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेल्या हळदीचा वास आला की मला रविवार कारंजाजवळचा तो छापखाना आठवतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा होऊन वर्ष उलटलं होतं आणि नाशकात चित्रकाराला पगारावर ठेवणारं कुणी भेटत नव्हतं. छापखान्याचे मालक म्हणाले, "पत्रिकेसाठी गणपती काढून आणा. गिऱ्हाइकाला आवडला तर पहिल्या तारखेपासून या." मी आठवडाभर खपून मोजक्या रेषांचा, डोळे मिटलेला गणपती काढला. घेऊन गेलो तेव्हा लासलगावकडचे एक गृहस्थ मुलीची पत्रिका ठरवायला आले होते. शाई आणि रॉकेलच्या त्या उग्र वासात मालकांनी माझं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी धोतराला हात पुसून ते उचललं, लांब धरून पाहिलं. "लय देखणा हाय," म्हणाले आणि जपून खाली ठेवलं. मग पिशवीतून थोरल्या मुलीची जुनी पत्रिका काढून तिच्यावरच्या सोंड झिजलेल्या गणपतीवर बोट ठेवलं. "पण हाच टाका. थोरलीचं चांगलं झालं ना ह्याच्यावर. आता धाकटीला नवा कशाला?" मालकांनी खणातून त्या गणपतीचा, छापून छापून झिजलेला जुना ब्लॉक काढला आणि माझ्याकडे न बघता कंपोझिटरच्या हातात दिला. मी चित्र गुंडाळून उन्हात बाहेर पडलो. पुढे सरकारी कचेरीत चिकटलो, तिथूनच निवृत्त झालो. परवा आमच्या धाकटीची पत्रिका ठरवताना बायको म्हणाली, "अहो, तुमचा तो गणपती काढा की." माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, थोरलीच्या पत्रिकेवरचाच टाकू."