मामाला मुरलेलं पाणी ऐकू येतं

माझं लग्न मोडायला निघालेला माणूस माझा सख्खा मामा, आणि त्यात तो प्लंबर. नुसता मामा असता किंवा नुसता प्लंबर असता, तर मला एवढा मनस्ताप झाला नसता.

मामाला गळती ऐकू येते. लांब पेचकसाचं टोक भिंतीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले आणि दुसरा हात वर, म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. कुणाकडेही गेला की आधी घरातले नळ बंद करायला लावतो आणि मीटरपाशी उकिडवा बसतो. सगळं बंद असून काटा हलला की ह्याचा चेहरा उजळतो. एकदा मावशीकडे कुणाला न सांगता फ्लशच्या टाकीत नीळ टाकून आला. भांड्यात निळं पाणी उतरलं की समजायचं, टाकीचं वायसर गेलं. पण मावशीला काय ठाऊक? तिने ते निळं पाणी बघितलं आणि काकांना धरून थेट डॉक्टरकडे नेलं.

म्हणून मुलाचं घर बघायला निघताना आईने त्याला बजावलं, "दादा, तिथे पाईपातला 'पा'सुद्धा काढायचा नाहीस. माझी शपथ आहे तुला."

"नाही काढत," मामा म्हणाला.

मुलगा मला आधीच आवडलेला होता, स्पष्टच सांगते. आम्ही एकाच ऑफिसात. हे बघणं-बिघणं सगळं आईच्या समाधानासाठी.

तिकडे मामाने चहा घेतला, पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि "हात धुऊन येतो" म्हणत तो ग्लास घेऊनच आत गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तो हा एवढा गंभीर चेहरा करून.

रस्त्यावर आल्या आल्या आईने विचारलं, "कसं वाटलं रे?"

"काय सांगू तुला," मामा म्हणाला. "पाणी मुरतंय. आजकालचं नाही, जुनं आहे. वरून रंगरंगोटी करून झाकलंय."

"अगं बाई! घरच्यांना माहीत असेल?"

"झाकणारे तेच, मग?"

आता शपथ घातली की मामा ती पाळतोच, म्हणजे हे काही पाईपांबद्दल नव्हे, असं आईने धरलं. मीही धरलं, माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं! आईने घरी पोचताच फोन करून नकार कळवला. मी रडले, भांडले, ताटावरून उठले. ऑफिसात मुलाने विचारलं, "माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "तुझं तुला माहीत." बिचाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला, तर मला वाटलं, बघा, आहेच काहीतरी.

शेवटी मी आईसमोरच मामाला गाठलं. "मामा, खरं सांग. त्याची काय भानगड आहे?"

"कुणाची?"

"मुलाची! पाणी मुरतंय म्हणालास ना?"

"बाथरूमच्या भिंतीत गं! शपथ होती, म्हणून पाईपाचं नाव घेतलं नाही."

आई उसळली. "अरे मेल्या! मग मुलगा कसा वाटला तुला?"

मामाने डोकं खाजवलं. "मुलगा... होता का तिथे?"

तिघंही माफी मागायला गेलो. मामाने ह्या वेळी हत्यारांची पिशवी उघडउघड नेली. मुलाच्या बाबांनी खालमानेने कबूल केलं, की ओल आली होती, पाहुणे येणार म्हणून घाईने रंग फासला. मुलगा मदतीला उभा राहिला. मामाने टाइल उचकटली, छिन्नीचा एक घाव घातला आणि गंजलेल्या पाईपातून पिचकारी थेट मुलाच्या तोंडावर उडाली.

"अंगठा दाबून धर! मी मेन कॉक बंद करून येतो," असं म्हणून मामा जिना उतरला.

गेला तो गेलाच. मुलगा भिंतीला चिकटून उभा, डोक्यापासून पायापर्यंत चिंब, अंगठा पांढराफटक. वर मलाच म्हणतोय, "तू लांब राहा, निसरडं झालंय." मी धावत खाली आले, तर मामा मेन कॉकशेजारी पायरीवर निवांत बसलेला.

"कॉक सापडत नाहीये का?"

"सापडलाय की." त्याने हात वर करून मला गप्प केलं. डोळे मिटलेले. "मुलगा ऐकतोय मी."

वरून हाक आली, "मामा, सावकाश होऊ द्या! धरलंय मी!"

मी दातओठ खात मामाला बाजूला ढकललं आणि कॉक स्वतःच फिरवला. मामा गुडघ्यांवर हात टेकत उठला, वर गेला आणि आईला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बिनघोर दे पोरगी. इथे काही मुरत नाही."

आई आता शहाणी झाली होती. "नीट सांग, भिंतीबद्दल बोलतोयस की मुलाबद्दल?"

"मुलाबद्दल गं," मामा म्हणाला, आणि बघते तर त्याच्याच डोळ्यांना गळती लागलेली.