दाखल्यावरची गोदावरी

विनोदिनीने तो अर्ज सात वेळा लिहिला. सातव्या कागदावर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता, तरी शेजारच्या गंगाधर मास्तरांनी नाक मुरडलं. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी काही सुटली नव्हती. "मला शिकवण्याची आवड आहे, हे काय? आवड सगळ्यांनाच असते. तू काय केलंस ते लिही!"

मग तिने लिहिलं. व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, वाईच्या मुलींत पहिली. सांगलीत आळीतल्या नऊ मुलींना दोन वर्षं घरी शिकवलं, त्यांतल्या सहा चौथी पास झाल्या. वाचून मास्तर म्हणाले, "हं. आता कसा अर्ज बोलतोय!"

नवरा अनंत विषमज्वराने गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. वाईला माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. सासरी दोन वेळा जेवण मिळे आणि चार वेळा ते ऐकवलं जाई. तासगावच्या एका मुलींच्या शाळेला मास्तरीण हवी होती, राहायला खोली देणार होते. आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली. तिला दुसरं काही नको होतं.

सासरे गोपाळकृष्णपंत अर्ज पाहून हसले होते. "कर की! तुला कोण विचारतंय?" मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मात्र त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. पण शब्द देऊन बसले होते.

पंधरा दिवस मास्तरांनी तिला पिळून काढलं. "मान खाली घालायची नाही. येत नसेल तर सरळ येत नाही म्हणायचं, गुळमुळीत बोलायचं नाही. वर्गात मुलगी रडायला लागली तर काय करशील?"

तासगावला शाळेच्या दाराशी धुळा शिपाई होता. ती उंबऱ्याशीच अडलेली पाहून तो म्हणाला, "जावा बाई आत. भिऊ नगा, मानसंच हाईत."

आत तिघे बसले होते. त्यांनी अपूर्णांक शिकवायला लावले, नकाशा काढायला लावला, रडणाऱ्या मुलीचंही विचारलं. ती कुठे म्हणून अडली नाही. अध्यक्ष खुशीत म्हणाले, "बाई, सोमवारी हजर व्हाल?"

तेवढ्यात चिटणिसांनी अर्जासोबतचा फायनलचा दाखला उलगडला. "हा गोदावरी महादेव सोवनी यांचा आहे. अर्ज विनोदिनी अनंत मोने यांचा."

"मीच ती. लग्नात नाव बदललं."

तिघांनी माना डोलावल्या. तिघांनीही आपापल्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. त्यांना ही चाल कोणी समजावून सांगायला हवी होती थोडीच! तरी चिटणीस म्हणाले, "आम्हाला पटतंय हो, पण कागद तसं म्हणत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची, असं सासरच्या कर्त्या पुरुषाचं पत्र आणा. आठ दिवसांत." म्हणजे नावं पुसायची यांनी, आणि पुरावा आणायचा बाईने! वा रे न्याय!

ती परतून हे सांगताच मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "स्वल्पविराम तपासले मी, आणि एवढं दिसू नये?"

त्यांची बायको आतून म्हणाली, "माझं माहेरचं नाव तरी आठवतंय का तुम्हाला?"

मास्तरांनी खाली मान घालून पत्राचा मसुदा लिहून दिला. फक्त सही हवी होती.

गोपाळकृष्णपंतांनी तो सावकाश, दोनदा वाचला. "गोदावरी? या नावाची कोणी बाई आमच्या घरात आलेली नाही."

"मामंजी, नाव तुम्हीच बदललंत. विनोदिनी तुम्हीच सुचवलंत."

"बदललं ना? मग ती संपली." आणि कागदाची घडी करून त्यांनी तो पलंगाच्या हलणाऱ्या पायाखाली सारला.

नवव्या दिवशी अर्ज आणि दाखला टपालाने परत आले. तिने दाखला मांडीवर पसरला आणि ते जुनं नाव मनातल्या मनात कितीदा तरी वाचलं. त्या नावाने तिला हाक मारणारं आता कोणी जिवंत नव्हतं. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना.

"विनोदिनी, पाणी!" बाहेरून सासऱ्यांची हाक आली.

तिने ओ दिली नाही. हाक पुन्हा आली, अधिक चढ्या आवाजात. तिने दाखला ट्रंकेत तळाशी ठेवला आणि तांब्या घेऊन उठली. पाणी द्यायला घरात दुसरं होतं कोण?