मामांना मी बोलले ते

आमच्या बायपासपलीकडच्या कॉलनीत त्या दुष्काळात सगळ्यांचे बोअर आटले होते. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, तोही वेळ न सांगता. मी शाळेत शिकवायला जायची, नवरा वाळूजच्या कारखान्यात. घरी असायचे फक्त माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणायची. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेला माणूस. चारा-पाणी संपलं तेव्हा पाचोडच्या बाजारात कळप विकून ते आमच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या नव्या इमारतींचे मजले चढताना बघायचे.

एका दुपारी शाळेतून आले तर टँकर येऊन गेलेला. हौदाचं झाकण बंदच, म्हणजे आता आठवडाभर पाणी नाही. मामांना हॉर्न ऐकू आला नव्हता. शेजारणी बघत होत्या, तरी मी ओरडले, "नुसतं बसून खायचं कळतं तुम्हाला! एक झाकण उघडता येत नाही?"

मामा उठले. चपला घातल्या, काठी घेतली आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला सापडले ते पाचोडच्या बाजारात, मेंढरं बांधतात त्या जागी बसलेले. परत आले, पण नंतर माझ्याकडं पेलाभर पाणीसुद्धा मागितलं नाही.

त्यानंतर टँकरचा हॉर्न वाजला की माझा श्वास कोंडायला लागला. हात गार पडायचे. एकदा भर वर्गात तसंच झालं आणि मी खाली बसले. ईसीजी नीट निघाला. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला काही झालेलं नाही. कुणाशी तरी मोकळं बोला." त्यांनीच एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. त्या दुसऱ्या शहरात असायच्या, मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून बोलायच्या. शाळा सुटली की रिकाम्या वर्गाचं दार लोटून मी फोन लावायची.

पहिल्या दोन वेळा मी पाण्याचंच रडगाणं गायलं. तिसऱ्यांदा मामांचं निघालं आणि बाकावर डोकं टेकून मी रडत राहिले. मग बाई म्हणाल्या, "छातीत दाटलं की आधी श्वास सावकाश सोडायचा. घ्यायची घाई करायची नाही. आणि रोज दहा मिनिटं त्यांच्याजवळ जाऊन बसा. समजावू नका, नुसतं बसा."

मी बसायला लागले. तेवढ्यात नवऱ्याला या फोनचं कळलं.

"माझ्या बापाचं गाऱ्हाणं तू परक्या बाईला सांगती व्हय?"

"त्यांचं नाही, माझं सांगते."

"लई शिकली तू," एवढं म्हणून त्यानं महिनाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं.

माझा श्वास सुधारला. शेवटी एका संध्याकाळी धीर करून म्हटलं, "मामा, त्या दिवशी माझं चुकलं."

त्यांनी मान वळवली नाही. "चुकलं नाय, पोरी. खरंच हाय ते. बसूनच खातो मी."

आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

त्याच उन्हाळ्यात ते लासूर स्टेशन गावी नणंदेकडं गेले. पंधराच दिवस झाले असतील. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मी बाईंना विचारलं, "मीच मारलं का त्यांना?"

"एका वाक्यानं माणूस मरत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते त्यांना लागलं होतं, हेही खरं. आता ते पुसता येणार नाही. ते घेऊन जगायचं कसं, एवढंच आपण बघू शकतो."

मी रागानं फोन कट केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा लावला.

तेरावा झाल्यावर एकदा जेवताना नवरा म्हणाला, "त्या बाई बाप्यांशी बोलत्यात का?" मी नंबर दिला. त्यानं दोनदा लावला, कारखान्याबाहेर मोटारसायकलवर बसून. तिसऱ्यांदा लावला नाही. मी कारण विचारलं नाही.

आमच्यात अजून फारसं बोलणं नसतं. रविवारी मात्र तो ताट घेऊन माझ्यासमोर बसतो. मागं एकदा म्हणाला, "लहानपणी मी रानात चुकलो होतो. सगळी मेंढरं तशीच सोडून हुडकत आला होता बाप."

मग उठला आणि ताट धुवायला घेऊन गेला.