तलवारीआधीचा एक शब्द

माझे मोठे काका पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. पुढे तयार ट्रंकांची चळत, मागे ऐरण आणि हातोडे. जन्मभर पत्रा ठोकून त्यांचा डावा कान पार गेला होता. काकू मुद्दाम त्याच बाजूला जेवायला बसायची आणि त्यांना मनसोक्त बोलून घ्यायची. काका मान डोलवत जेवत राहायचे. सुखाच्या संसाराला एक कान पुरतो, असं तिचं मत होतं.

हाच माणूस दर हिवाळ्यात राजपुत्र व्हायचा. आमच्या हौशी मंडळींचं एक जुनं शोकनाटक होतं. सिंहासनापायी दोन सख्खे भाऊ एकमेकांचे हाडवैरी होतात. थोरला धाकट्याला मारतो आणि मग त्याचंच डोकं मांडीवर घेऊन ऊर फुटेस्तोवर रडतो. थोरला म्हणजे काका, धाकटा म्हणजे माझे बाबा. दोघांची पोटं सुटली, केस गेले, तरी राजपुत्र तेच. दुसऱ्या कुणाला ती कामं द्यायची कुणाची छातीच नव्हती, कारण त्या दोघांतला द्वेष बघून पहिल्या रांगेतली माणसं पाय आत ओढून घ्यायची.

तो द्वेष खराच होता. आजीचं ऑपरेशन करायचं की नाही, यावरून दोघांची जुंपली होती. बाबा नको म्हणत होते. काकांनी डॉक्टरांना हो सांगितलं आणि आजी टेबलावरच गेली. "तू मारलंस तिला," बाबा दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांदेखत म्हणाले. तेव्हापासून अबोला. घरं एकाच गल्लीत, पण काकांचं दुकान टाळायला बाबा लांबचा वळसा घालून कामावर जायचे. पाऊस असो की ऊन, वळसा ठरलेला.

मग नाटक कसं करायचे? एका शब्दावर. मंडळींचा कडक नियम होता की तलवारी भिडण्याआधी मारणाऱ्याने दबक्या आवाजात विचारायचं, "तयार?" आणि समोरचा "तयार" म्हणाल्याशिवाय वार करायचा नाही. मी डाव्या विंगेत बसून संवाद पुरवायचे, त्यामुळे मला ते ऐकू यायचं. एका आईच्या दोन लेकांमध्ये इतक्या वर्षांत झालेलं बोलणं तेवढंच.

तलवारी काका स्वतः बनवायचे. बाबांच्या पोटाला लागणारी तलवार ते दरवर्षी कानस घेऊन घासत बसायचे आणि तिचं टोक आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायचे. हे आईने एकदा पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "वैरी कधी एवढी काळजी घेतात होय? दोघंही गाढव आहेत." बाबा ताटावरून उठून गेले.

मग जिथे हे नाटक व्हायचं ते सभागृह पाडायचं ठरलं आणि काकांचे गुडघेही बोलायला लागले. हा शेवटचा प्रयोग, असं मंडळींनी जाहीर केलं. सगळे हळहळले. मला मात्र एकाच गोष्टीची धास्ती होती. आता तो एक शब्दही जाणार होता.

त्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. "तयार?" काकांनी विचारलं. "तयार," बाबा म्हणाले. तलवार लागली, बाबा कोसळले, काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि खाली पाहिलं. बाबांचा चेहरा आजीवर गेलेला. डोळे मिटले की हुबेहूब तीच.

 तोंडपाठ असलेला विलाप काकांना आठवेना. मी वाक्य सांगितलं, पण माझ्याकडे त्यांचा डावा कान. मी आवाज चढवला, तर ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं आणि तिथे कुणीतरी खुदकन हसलं. 

बाबांना काहीच करायचं नव्हतं, नुसतं मेलेलं राहायचं होतं. काकांची भर सभेत फजिती झाली असती आणि जिन्यातला राग वसूल झाला असता.

तेवढ्यात बाबांचे ओठ हलले.

काका उजव्या अंगाने खाली वाकले आणि ओरडले, "ज्याच्यावर जन्मभर राग धरला, तो गेला! आता हा राग ठेवू कुठे?" पुन्हा ओठ हलले. "ऊठ रे! तुझ्याशी भांडायलाही मला तूच लागतोस!" मेलेला भाऊ आपल्यासाठीचं रडणं एकेक वाक्य करून सांगत होता आणि जिवंत भाऊ ते रडत होता.  हे नाटक मला पाठ होतं, पण ते कशाबद्दल आहे हे मला त्या दिवशी कळलं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी हातातली संहिता मिटली आणि लहान मुलासारखी तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

पडदा पडला. एरवी पडदा पडला की काका बाबांचं डोकं खाली ठेवायचे आणि दोघं दोन विंगांत निघून जायचे. आज काकांनी त्यांना उठवायला खांद्याखाली हात घातला आणि सवयीने विचारलं, "तयार?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. "थांब ना, दादा," ते म्हणाले. "जरा वेळ राहू दे असंच."

काकांचा चांगला कान त्याच बाजूला होता. तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणालास?"

बाबांनी पुन्हा सांगितलं.