भूत दोनदा बोललं
परवा बिदरच्या थेटरात नवा भयपट बघायला गेलो आणि मध्यंतरात मिरची-भज्यांच्या वासानं अक्का आठवली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तेलंगणात दिलेली. “पोरीला परमुलखात टाकलं,” असं आत्या सारखं म्हणायची. एका दिवाळीला अक्का औरादला माहेरी आली आणि आम्ही सगळे बिदरच्या याच थेटरात तेलगू भुताचा सिनेमा बघायला गेलो. आमच्यात तेलगू फक्त अक्काला यायचं, म्हणून ती हळू आवाजात मराठीत सांगत होती. मध्यंतरात तिनं सगळ्यांना मिरची-भजी खाऊ घातली आणि त्यानंतर तर मागच्या रांगेतली अनोळखी माणसंही म्हणायला लागली, “अक्का, जरा मोठ्यानं सांगा की!” मग पडद्यावरची म्हातारी अंधारातून सुनेला काहीतरी बोलली आणि तेलगू समजणारे सगळे किंचाळले. आम्ही गप्पच. आत्यानं अक्काचा हात धरला, “काय म्हणायलीय गं ती?” अक्का म्हणाली, “तुझ्या शेजारी कोण बसलंय बघ, म्हणायलीय.” त्यासरशी आमच्या दोन्ही रांगा किंचाळल्या, आत्या सगळ्यांत मोठ्यानं. बाहेर पडताना तीच आत्या दिसेल त्या बाईला सांगत सुटली, “आमची पोरगी हाय ती!” परवाचा सिनेमा हिंदीत होता, सगळं कळत होतं, तरी भूत बोललं की मी अक्काच्या आवाजाची वाट बघत होतो.