रेणापूरचं घर मी पाडलं तेव्हा

हे बघा, चहाचा कप आधी खाली ठेवा. मी जे सांगून राहिलो ते ऐकून ठसका लागला, तर माझी जबाबदारी न्हाई! मी सख्ख्या मामाचं घर पाडलं होतं. अन् वर पेढे घेऊन गेलो होतो!

तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो अन् सोबत पीएचडी करायचो. विषय काय? भूकंपात दगडमातीच्या भिंती कशा फुटतात. किल्लारीकडचा भूकंप होऊन काही वर्षं लोटली होती, पण माणसांच्या छातीतली धडधड गेली नव्हती. माझी मामी तर रेणापूरच्या घरात आत झोपायचीच न्हाई. थंडी असो, पाऊस असो, पत्र्याच्या पडवीत.

आता भिंत म्हणजे काय हो? इथं दगड, तिथं माती, मधी फट. म्हणून आधी वीतभर तुकडा घ्यायचा. त्यात दगड कुठं अन् माती कुठं, हे कॉम्प्युटरला सांगायचं. तो तुकडा कसा तडकतो ते कळलं, की त्यावरून भिंत, अन् भिंतीवरून अख्खं घर. मी घर घेतलं मामाचं. सगळ्या सुट्ट्या तिथं काढलेल्या, त्या घराचा कोपरा न् कोपरा पाठ होता मला!

ते घर तेव्हा कुलूपबंद होतं. मामाची सुनीता बारावी सायन्सला, म्हणून मामा-मामी लातुरात खोली करून राहिलेले. तेव्हा अर्धा मराठवाडाच लेकरांच्या क्लासपायी लातुरात भाड्यानं राहायचा. खोलीखाली सलीमभाईंचं शिलाईचं दुकान. मामाचे फोन तिथंच यायचे.

एका सकाळी कॉम्प्युटरवर घर हललं, अन् धाडदिशी खाली! कित्येक महिन्यांनी प्रोग्राम चालला होता हो! मी पळतच एसटीडी बूथ गाठला.

"सलीमभाई, मामाला सांगा, रेणापूरचं घर पडलं!"

"या अल्ला! कुनाला लागलं का?"

"न्हाई हो, आत कुणीच नव्हतं. पण काय पडलंय! झक्कास!"

"झक्कास? अन् तुमाला नांदेडात कसं कळलं?"

"मीच पाडलं ना!"

अन् लाइन कट.

सांगा आता, सलीमभाईंनी काय करावं? मशीन सोडून ते तसेच जिना चढले. मामानं जीप केली. ताडपत्री, तांदूळ, स्टोव्ह, मामाचा चुलतभाऊ, सगळं जीपमध्ये कोंबून मंडळी रेणापूरला निघाली. वाटेत चुलतभावानं अक्कल पाजळली, "बहिणीचा हिस्सा पायजे असंल. म्हणून भाच्याला पुढं केलंय."

पोचले, तर घर जसंच्या तसं! कुलूपसुद्धा शाबूत.

मग माझ्या कॉलेजात फोन आला. "आत्ताच्या आत्ता रेणापूरला ये!" एवढंच. मला वाटलं, मामाला माझं केवढं कौतुक! मी पेढे घेतले अन् एसटीत बसलो.

दुपारी पोचलो, तर अंगणात ही गर्दी. मामा ओट्यावर, बाह्या सरसावून.

"मामा, पेढे घ्या!"

"घर पाडलं म्हणून सांगतो, अन् वर पेढे? हिस्सा पायजे तर तोंडानं माग की रे!"

"कसला हिस्सा? घर तर कॉम्प्युटरात पडलं!"

मग मी दगड, माती, तडे, सगळं समजावलं. मामानं सरसावलेल्या बाह्या खाली केल्या.

"म्हंजे नुसतं कॉम्प्युटरातलंच पडलं?"

"हाव."

मामा असा हसला, असा हसला, की चुलतभावालाही हसावं लागलं. मामीनं कुलूप काढलं. भिंतीवर तळवा टेकून म्हणाली, "पडायचं ते कॉम्प्युटरात पडून गेलं." मग आणलेल्या तांदळाची खिचडी टाकली. अंगणातले सगळे जेवले. अन् जेवणं झाल्यावर मामी चक्क आतल्या खोलीत लवंडली! भूकंपानंतर पहिल्यांदा. सुनीता दाराशी उभी राहून सगळ्यांना गप्प करत होती.

आता मामा न्हाई, मामी न्हाई. पण डोळे मिटले की ती दुपार दिसते.

अन् माझं संशोधन? कौतुकानं गाईड सरांना दाखवायला नेलं. सरांनी चष्मा पुसला, स्क्रीनकडं परत बघितलं.

"याच्याखाली जमीन कुठाय?"

जमीन द्यायलाच विसरलो होतो मी! बाकी सगळं होतं. दगड, माती, फटी, सगळं.

सर म्हणाले, "अहो, असं अधांतरी सोडलं, तर ताजमहालसुद्धा पडेल!"